जपून चालणारा राक्षस

पडद्यावर राक्षस आला की लोक त्याच्या तोंडाकडे बघतात. मुकुंद टेंबे पायांकडे बघायचे. त्यांचं म्हणणं, तोंडावर सगळेच मेहनत घेतात, पण घोट्याशी रबराला सुरकुती पडते आणि तिथे कळतं की आत माणूस आहे. सुरकुती सापडली की त्यांचा चेहरा असा उजळायचा, जशी काही हरवलेली किल्लीच मिळाली.

मी पेशाने निवेदक. सोसायट्यांचे गणपती, साठीशांती, पुरस्कार सोहळे, माइक दिसला की माझा हात आपोआप पुढे होतो. गेल्या महिन्यात डोंबिवलीत तरुण मुलामुलींच्या एका चित्रपट मंडळात गेलेलो, तिथे एका मुलीने विचारलं, आपल्याकडे राक्षसपटांचे एवढे वेडे चाहते आहेत, मग तेच का नाही एखादा झकास राक्षसपट करत? त्यांच्याइतकं कळतं कोणाला? सभागृह माझ्याकडे बघायला लागलं आणि मी, आयुष्यात पहिल्यांदाच, माइक शेजारच्याकडे दिला. उत्तर द्यायचं तर टेंब्यांबद्दल बोलावं लागलं असतं, आणि टेंबे माइकवर सांगण्यासारखे नाहीत. हळू सांगण्यासारखे आहेत.

टेंबे कोलशेतच्या एका केमिकल कंपनीत ड्राफ्ट्समन होते. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात कायम दोन पेन्सिली. राहायला नौपाड्यात, दुसऱ्या मजल्यावर. लहानपणी ठाण्याच्या एका थिएटरात वडिलांच्या मांडीवर बसून त्यांनी पहिला जपानी राक्षस पाहिला आणि चड्डी ओली केली. ही गोष्ट ते इतक्या अभिमानाने सांगायचे, जणू बोर्डात आले होते. सांगून झालं की जरा थांबायचे आणि म्हणायचे, "पुन्हा तसं कधी झालं नाही हो. सगळं पाहिलं. तसं नाही."

दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे आमची बैठक असायची. आम्ही म्हणजे कोण? एक बँक मॅनेजर, एक दातांचे डॉक्टर, डोंबिवलीच्या कॉलेजातले फिजिक्सचे एक प्राध्यापक, अशी पोक्त मंडळी. पोटं सुटलेली, मुलांची लग्नं जुळवायचं वय. दारात चपलांचा ढीग बघून शेजाऱ्यांना वाटायचं, सत्यनारायण आहे. आत पडदे ओढलेले, आणि सोफ्यावर ही मंडळी एखादा समुद्रातून उठलेला, बंदर तुडवत निघालेला प्रचंड प्राणी श्वास रोखून बघतायत. श्वास रोखायचं कारण भीती नव्हे. चित्रपट संपला की चूकफेरी असे. प्रत्येकाने एकेक चूक सांगायची. आधीच्याने सांगितलेली चालत नसे. पाठीवरची चेन दिसली. पुलाची सावली उलट्या बाजूला पडली. इमारत मोडली तेव्हा आत मजलेच नव्हते. ज्याची चूक सगळ्यांत बारीक, त्याला टेंबे पाठीवर थाप देत, आणि ती थाप मिळवण्यासाठी दातांचे डॉक्टर पेशंटच्या अपॉइंटमेंटा पुढे ढकलून तोच चित्रपट घरी आधी बघून येत.

सुनंदावहिनी चहा घेऊन आल्या की दारातूनच विचारायच्या, राक्षसगण जमला का सगळा? त्यांनी एकही चित्रपट शेवटपर्यंत पाहिला नाही. का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "मला त्याची दया येते. एवढं मोठं शरीर, आणि पाय ठेवायला कुठे जागा नाही." यावर टेंबे आमच्याकडे बघून हसले. बायकोच्या भाबडेपणावर नवरे हसतात तसं.

कल्याणला एकदा एका लघुपट स्पर्धेत त्यांना तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. निवेदन माझंच. तिथे उज्ज्वला गायकवाड नावाच्या बाईंचा लघुपट होता. तिशीतल्या, टीव्ही मालिकांचं एडिटिंग करून पोट भरणाऱ्या, राहायला कल्याण पूर्वेला. त्यांच्या चित्रपटात चाळीच्या गच्चीवरच्या टाकीत काहीतरी असतं. काय, ते कळत नाही. फक्त झाकण हलतं, आणि ओल्या केसांसारखं काही काठावर येऊन परत आत जातं. बस. मी विंगेत खुर्चीवर बसलो होतो, आणि सांगायला लाज नाही, मी पाय वर घेतले.

टेंब्यांनी माइक हातात घेतला आणि भर सभेत चूकफेरी सुरू केली. अगदी मऊ आवाजात, शिक्षकाच्या मायेने. झाकण प्लास्टिकचं आहे पण आवाज पत्र्याचा आहे. पाण्याची पातळी मघाशी खाली होती, आता वर आहे. ते केस म्हणजे काळ्या रंगात बुडवलेल्या साड्या आहेत आणि एका ठिकाणी किनार दिसते. बाई हाताची घडी घालून ऐकत होत्या. सगळं संपल्यावर म्हणाल्या, "सर, सगळं बरोबर. साड्या माझ्या आईच्याच आहेत. पण झाकण हललं तेव्हा तुम्ही घाबरलात का?"

"तो मुद्दा वेगळा," टेंबे म्हणाले.

"मग अशा चित्रपटाचा मुद्दा कुठला असतो सर?"

लोक हसले. मी निवेदकाच्या सराईतपणाने पुढच्या नावाकडे वळलो. आम्ही रिक्षाने स्टेशनला आलो. उतरताना टेंबे एवढंच म्हणाले, की किनार जरीची होती, लांबून चमकत होती.

निवृत्त झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की आता आपला राक्षसपट काढायचा. ठाण्याच्या खाडीतून, खारफुटीतून उठून आलेला, नौपाड्यात शिरलेला. नाव खारासुर. एका मित्राची कोलशेतला बंद पडलेली शेड होती, ती मिळाली. निवृत्तीचे पैसे त्यात गेले. वहिनी म्हणाल्या, तुमचा पैसा, तुमचा राक्षस. टेंब्यांची अपेक्षा फार मोठी नव्हती. पुरस्कार नको, गल्ला नको. "थिएटरात एका माणसाची चड्डी ओली झाली पाहिजे," ते म्हणायचे. "एकाची. मग मी मरायला मोकळा."

संगणकावरचा राक्षस त्यांना मान्य नव्हता. खरा सूट, आत खरा माणूस, आणि पायाखाली खरं छोटं शहर, हीच रीत. मग ते शहर बांधायला घेतलं, आणि इथे मला टेंब्यांना हात जोडावे लागतात. आयुष्यभर पाइपलाइनींची ड्रॉइंगं काढलेला तो हात असा मोकळा सुटला की बघत राहावं. गोखले रोड, राम मारुती रोड, स्टेशनबाहेरचा सॅटिसचा पूल, सगळं कमरेच्या उंचीचं. दुकानांच्या पाट्या ब्रशने रंगवलेल्या. एसीचं पाणी गळून भिंतीवर पडलेले ओघळ. केबलच्या वायरींची गुंतवळ. जिन्याच्या कोपऱ्यातल्या पानाच्या पिचकाऱ्यासुद्धा दातांच्या डॉक्टरांनी, त्यांना त्यातलं कळतं म्हणून, एकेक करून मारल्या होत्या. पावसाळा आला, गेला, दुसरा आला, आणि आमची रविवारची बैठक घरातून उठून शेडमध्ये गेली. नौपाडा इतका खरा मी नौपाड्यात कधी पाहिला नव्हता. लोक बघायला यायचे आणि ओणवे होऊन आपली खिडकी शोधायचे.

एडिटिंगला टेंब्यांनी कोणाला बोलवावं? उज्ज्वलाबाईंना. आम्ही चकित झालो. ते म्हणाले, मला होला हो करणारं कोणी नको. माणूस असा होता, हेही सांगायला हवं. बाई पहिल्यांदा शेडमध्ये आल्या, गोखले रोडच्या कडेने सावकाश चालत गेल्या, वाकून एका चष्म्याच्या दुकानात डोकावल्या. म्हणाल्या, "फार सुंदर आहे सर. तोडायचं कधी?"

आम्ही सगळे त्यांच्याकडे असे बघायला लागलो, जसं त्यांनी लग्नघरात तेराव्याचं विचारलं.

राक्षस झाला बाळकुमचा हरेश भोईर. कबड्डी खेळणारा, जिममध्ये शिकवणारा, दारात वाकून येणारा गडी. त्याला राक्षसपटांचं काही सोयरसुतक नव्हतं. फोम आणि रबराचा तो सूट अंगावर चढला, मागून चेन लावली, तोंड बसवलं, की आतून त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा. पहिल्या दिवशी टेंब्यांनी त्याला पाऊण तास राक्षसाचं मन समजावून सांगितलं. मग कॅमेरा सुरू झाला आणि हरेशने पहिला पाय उचलला मात्र, बँक मॅनेजर ओरडले, जपून. प्राध्यापक म्हणाले, शेपटी, शेपटी सांभाळ. टेंबे स्वतः म्हणाले, डावीकडे ते सोनाराचं दुकान आहे हं, त्याला आत्ता नको, ते पुढच्या दृश्यात. हरेश दोन पायांवर ताटकळत उभा. शेवटी तोंड काढून, घामाने निथळत त्याने विचारलं, "सर, मना एकदा नक्की सांगा. तोरायचा हाय का सांभालायचा हाय?"

टेंब्यांनी विचार केला. म्हणाले, "तोडायचं आहेच. पण आधी थोडं चालून घेऊ."

ते चालणंच संपेना. प्रत्येक इमारतीचं तोडणं पुढच्या आठवड्यावर. कधी प्रकाश बरोबर नाही, कधी कोन बरोबर नाही. जुन्या चित्रपटांतल्या एकेका दृश्याला मानवंदना द्यायची होती. राक्षस पुलाकडे तिरका बघतो, ती एका चित्रपटाला. पाठ करून उभा राहतो, ती दुसऱ्याला. गर्जना माझी होती. डोंबिवलीतल्या एका फ्लॅटमधल्या स्टुडिओत मी दिवसभर गरजलो, खालच्या मजल्यावरचे आजोबा येऊन विचारून गेले, कोणाला दवाखान्यात न्यायचंय का. टेंबे काचेपलीकडून मान हलवत होते. लहानपणी ऐकलेली गर्जना त्यांच्या कानात होती, आणि मी काढलेली प्रत्येक गर्जना त्या मापाने आखूड पडत होती. अखेरीस त्यांनी ती जशी हवी तशी जुळवून आणली. हुबेहूब झाली. तिच्यात मी कुठेच नव्हतो.

आणि मग एका दुपारी हरेश पडला.

शेडमध्ये उकाडा भट्टीसारखा होता. वहिनी सगळ्यांसाठी डबा घेऊन आलेल्या, माझ्या शेजारी उभ्या होत्या. हरेश वळला, शेपटी सॅटिसच्या पुलात अडकली, आणि तो सबंध अंगानिशी गोखले रोडवर आडवा झाला. दुकानांची रांगच्या रांग त्याच्याखाली गेली. उठायला गेला तर तोंड फिरून तिरकं बसलेलं, आत हवा नाही, दिसत नाही. तो हात झाडायला लागला. पुढ्यात येईल ते पकडून उठायला बघत होता आणि ते हातात मोडून येत होतं. आतून जो आवाज निघाला तो कुठल्याही चित्रपटातला नव्हता. घाबरलेल्या जनावराचा होता. वहिनींनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुसऱ्या दिवशी वळ होते. कॅमेरा चालू होता. टेंबे कॅमेऱ्यामागे पांढरेफटक पडले होते, तोंड उघडं, डोळे लहान मुलासारखे.

पुढच्या क्षणी ते धावले. गोखले रोडकडे. गुडघ्यांवर बसून ते चष्म्याच्या दुकानाचे तुकडे गोळा करायला लागले.

हरेशची चेन वहिनींनी उघडली. त्याला बाहेर ओढला, पंख्यासमोर बसवला, डब्यातलं ताक पाजलं. नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि डबे आवरून रिक्षाने निघून गेल्या. त्यानंतर चित्रीकरण संपेपर्यंत त्या शेडमध्ये आल्या नाहीत.

गोखले रोड पुन्हा बांधला. हरेशही पुन्हा आला, कबूल केलं होतं म्हणून. उरलेल्या चित्रीकरणात दोन-तीन इमारती पाडल्या, त्याही आधी कापून ठेवलेल्या, वहीच्या पानासारख्या सरळ रेषेत पडणाऱ्या.

डोंबिवलीला उज्ज्वलाबाईंच्या एडिटिंगच्या खोलीत मी टेंब्यांबरोबर गेलो होतो. बाईंनी तो पडण्याचा शॉट लावला. आम्ही तिघं बघत होतो. संपल्यावर बाई म्हणाल्या, सर, बाकीचं मी करते, पण चित्रपट ह्याच्याभोवती उभा करू. एवढा एकच जिवंत आहे.

"बूट दिसतो," टेंबे म्हणाले.

दिसत होता. पडताना सूटचा पाय उसवला होता आणि क्षणभर हरेशचा कबड्डीचा बूट, भगव्या लेसचा, बाहेर आला होता.

"तुमच्याशिवाय कोणाला दिसणार?"

"माझ्या माणसांना दिसेल."

"तुमची माणसं घाबरायला येत नाहीत सर, चुका शोधायला येतात. त्यांच्यासाठी करताय का हे?" बाईंनी खुर्ची टेंब्यांकडे वळवली. "आत्ता शॉट चालू होता तेव्हा मी पडद्याकडे बघत नव्हते, तुमच्याकडे बघत होते. तुम्ही श्वास घेत नव्हता. लहानपणी थिएटरात जे झालं म्हणता, ते हेच ना?"

मला वाटलं, बाई जिंकल्या. टेंब्यांचा हात खिशातल्या पेन्सिलीवर गेला, तिथेच राहिला. मग म्हणाले, बाई, ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांचे बूट दाखवले, त्याने स्वतःचा कसा ठेवायचा?

शॉट काढला. बाईंनी काम चोख पुरं केलं आणि श्रेयनामावलीतून आपलं नाव काढायला सांगितलं. टेंब्यांनी ते विनातक्रार काढलं. नाव मधूनच गेल्यामुळे खाली उरलेली मोकळी जागा मात्र त्यांनी नीट भरून घेतली.

ठाण्याच्या एका थिएटरात सकाळचा खेळ लागला. पुढच्या रांगांत आमची मंडळी, सगळ्यांच्या अंगात खारासुराचं चित्र छापलेले टी-शर्ट, पोटांवर ताणलेले. प्रत्येक मानवंदनेला टाळ्या. मागे तिकीट काढून आलेली साधी माणसं होती. पडद्यावर राक्षस गोखले रोडवर आला. उजवं पाऊल उचललं, जागा बघितली, ठेवलं. शेपटी अंगाशी घेतली. दोन दुकानांच्या मधून अंग चोरून पुढे झाला. मागून एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "अगं, अगदी आमच्या ह्यांच्यासारखा. फरशी पुसलेली असली की हे असेच चालतात." आणि मागच्या सगळ्या रांगा हसल्या. मग हसतच राहिल्या. माझी, म्हणजे कोणाचीच नसलेली, गर्जना झाली तेव्हाही.

खेळ संपल्यावर मंडळींनी टेंब्यांना मिठ्या मारल्या. प्राध्यापकांचे डोळे ओले होते. म्हणाले, सर, एकही चूक नाही. आणि टेंबे खुश झाले. सगळ्यांत वाईट मला तेच वाटलं. ते खरोखर खुश झाले. मागच्या लोकांचं हसणं त्यांच्या कानावर गेलंच नव्हतं, किंवा गेलेलं असून त्याला जागा मिळाली नव्हती.

आठवड्यात चित्रपट उतरला. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काही दिवस अभिनंदनाची फुलं पडत राहिली. मग दातांच्या डॉक्टरांनी लिहिलं, सर, रागावू नका, पण दुसऱ्यांदा बघताना लक्षात आलं, मेडिकलच्या दुकानाचं शटर आधी उघडं आहे आणि नंतर बंद. त्यावर बँक मॅनेजरांनी लिहिलं, सावल्यांचंही बोलायचं का? मग सुरूच झालं. जी थाप इतकी वर्षं टेंब्यांकडून मिळवायची, ती आता त्यांच्याच चुका दाखवून मिळत होती. मी चिडून टेंब्यांना फोन केला. ते शांत होते. म्हणाले, शटरचं बरोबर आहे त्यांचं. माझ्या नजरेतून सुटलं.

नंतर बैठकी हळूहळू बंद झाल्या. टेंबे कधी राम मारुती रोडवर दिसायचे, भाजीची पिशवी घेऊन, खाली बघत. खड्डे बघत चालतात असं वाटायचं.

शेड रिकामी करायची वेळ आली तेव्हा त्यांनी मला बोलावलं. मंडळींपैकी दुसरं कोणी आलं नाही. वहिनी आल्या होत्या. शहर कोणी ठेवून घेईल का, म्हणून टेंब्यांनी दोन शाळांत आणि एका मॉलमध्ये विचारलं होतं, कोणाकडे जागा नव्हती. मजूर आले, घण आणि फावडी घेऊन, जेवणाला कोणाच्या गाडीवर जायचं ते बोलत. टेंबे दारातून मागे फिरले. बाहेर कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हात कानांवर धरून उभे राहिले, मटण आवडीने खाणारा माणूस खाटकाच्या दुकानाबाहेर पाठ करून उभा राहतो तसे.

आत मी आणि वहिनी.

पहिला घण पुलावर बसला आणि मी दोन पावलं मागे सरकलो. निवेदकाचे शब्द वापरायचे नाहीत असं मी ठरवलंय, म्हणून साधं सांगतो. धूळ उठली आणि मोठ्या आणि छोट्यातला फरक गेला. गोखले रोडवर त्या माणसांचे पाय पडत होते, रबरी चपलांतले, बेफिकीर, कुठे पडतायत ते न बघणारे. पाट्या, गॅलऱ्या, वायरींची गुंतवळ, सगळं त्यांच्या पायांखाली जात होतं आणि ते भज्यांबद्दल बोलत होते. दोनदा मला वाटलं, बाहेर जाऊन टेंब्यांना ओढून आणावं. वहिनी मात्र हलल्या नाहीत. ज्या बाईने आयुष्यात एकही राक्षस शेवटपर्यंत पाहिला नव्हता, ती पदर नाकाला लावून, डोळ्याची पापणी न लववता, सगळं बघत होती.

मजूर थांबले तेव्हा त्या पुढे झाल्या. एका कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ती राहिली. ती पिवळी." मी बघितलं. त्यांचीच इमारत. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत दोरीवर नखाएवढी साडी वाळत घातलेली. मजूर पुढे सरकला तर वहिनींनी हात पुढे केला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग घण त्यांच्या हातात दिला. तो त्यांना जड जात होता. त्यांनी दोन्ही हातांनी उचलला.

मी बघायला थांबलो नाही. बाहेर टेंब्यांकडे जात होतो तेवढ्यात मागे आवाज झाला. आधीच्या आवाजांसारखा भसकन नाही. कोरडा, तडतडत फुटत गेलेला, लांबलेला. टेंब्यांचे हात कानांवरून खाली आले.

"हे लाकूड होतं," ते म्हणाले. "बाकी सगळ्या इमारती प्लास्टरच्या आणि थर्माकोलच्या. लाकडाची एकच केली होती."

कोणी पाडली, ते त्यांनी विचारलं नाही. आत पुन्हा घण बसला. ते मान तिरकी करून ऐकत होते, भिंतीकडे तोंड तसंच.

"हा आवाज घ्यायला हवा होता," ते म्हणाले.